प्रतिपिंडांचा कुलवृत्तांत

१/
शरीरात शिरलेल्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. संरक्षण हेच त्याचे काम. तेव्हा संरक्षणासाठीच त्याचा जन्म झाला असावा, असे कोणालाही वाटेल. १९६५ ते १९९० या पंचवीस वर्षांत संशोधकांनी प्रथिनांची ‘अक्षरे’ शेजारी-शेजारी मांडून त्याचा कुलवृत्तांत शोधला. त्यातून पुढे आलेला मूळपुरुष मात्र सैनिक वाटत नव्हता. तो कोण असावा आणि ते कसे कळले, याविषयीचा हा धागा.

२/
प्रथम पद्धतीविषयी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सा परिचित असते. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवायच्या, पाठभेद नोंदवायचे, दोन पोथ्यांत सारख्याच चुका आढळल्या तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असे मानायचे, आणि लुप्त झालेल्या मूळ पाठाकडे मागे मागे जायचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने सिद्ध झाली. अठरा पर्वांचे ते काम १९६६ साली पूर्ण झाले. त्याच वर्षी अमेरिकेत प्रतिपिंडांच्या पाठांची अशीच तुलना चालू होती.

३/
प्रथिन हाही एक पाठच. त्याची वर्णमाला २० अमिनो आम्लांची. ही आम्ले एका ओळीत गुंफली जातात आणि त्या साखळीची घडी पडून प्रथिनाला आकार येतो. फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिज येथे १९५५ पर्यंत इन्सुलिनची सर्व ५१ अक्षरे क्रमाने वाचली. एखाद्या प्रथिनाचा संपूर्ण अनुक्रम वाचला जाण्याची ती पहिली वेळ. प्रत्येक प्रथिनाचा पाठ ठरलेला असतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. या कामासाठी त्यांना १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

४/
पाठ वाचता येतो म्हटल्यावर त्याच्याकडे दस्तऐवज म्हणून पाहणारेही पुढे आले. एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: सजीवांतील रेणू ही उत्क्रांतीच्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. त्याच वर्षी मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या अनुक्रमांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला. त्यात ६५ प्रथिनांची नोंद होती. या नव्या इतिहासाचे पहिले दफ्तर एवढेच होते.

५/
प्रतिपिंडांचा शोध त्याआधीचा. १८९० मध्ये बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताला किंवा घटसर्पाला प्रतिकारक्षम झालेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या रोगाचे विष निकामी करणारा काहीतरी अंश असतो. १९३९ मध्ये आर्ने टिसेलियस व एल्विन कॅबट यांनी तो अंश रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन या प्रथिनगटात असल्याचे सिद्ध केले. पन्नास वर्षांत ठिकाण सापडले. पाठ मात्र अज्ञातच राहिला.

६/
अडचण मोठी होती. एकाच माणसाच्या रक्तात अगणित प्रकारची प्रतिपिंडे एकत्र मिसळलेली असतात आणि प्रत्येकाचा अनुक्रम थोडा निराळा असतो. हजारो पोथ्यांची सुटी पाने एका ढिगात टाकावीत आणि त्यातून एक संहिता वाचावी, तसा हा प्रकार. एकाच पोथीच्या असंख्य तंतोतंत नकला कोठून मिळणार? उत्तर एका जुन्या आणि दुःखद रोगाने दिले.

७/
१८४५ मध्ये लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे हाडे ठिसूळ झालेल्या एका रुग्णाची लघवी तपासणीसाठी आली. तिच्यातला साका तापवल्यावर विरघळे आणि थंड होताच पुन्हा साकळे. आज हा रोग मायलोमा म्हणून ओळखला जातो. त्यात प्रतिपिंडे बनवणारी एकच पेशी बेसुमार वाढते, आणि तिची सर्व संतती तेच एक प्रथिन तयार करते. म्हणजे एकाच पोथीच्या नकलांचा ढीग रुग्णाच्या लघवीत आयता मिळतो. हे ध्यानी यायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

८/
मधल्या काळात प्रतिपिंडाची बांधणी उलगडली. १९५९ मध्ये लंडनच्या मिल हिल येथे रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातील पपेन हे विकर वापरून सशाच्या प्रतिपिंडाचे तीन तुकडे केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जेराल्ड एडेलमन यांनी रेणूतले गंधकाचे बंध तोडून त्याच्या साखळ्या सुट्या केल्या. दोन जड आणि दोन हलक्या, अशा चार साखळ्यांचे चित्र यातून पुढे स्पष्ट झाले. १९७२ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

९/
१९६२ मध्ये एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवले की, बेन्स जोन्स यांचे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी हलकी साखळीच. वाचनाचा मार्ग आता मोकळा झाला. १९६५ मध्ये नॉर्बर्ट हिल्शमन व लायमन क्रेग यांनी वेगवेगळ्या रुग्णांकडून मिळालेल्या अशा साखळ्यांचे अनुक्रम शेजारी-शेजारी मांडले. साखळीची लांबी सुमारे २१४ अक्षरांची. तिचा उत्तरार्ध जवळजवळ शब्दशः सारखा. पूर्वार्धात मात्र ठिकठिकाणी पाठभेद.

१०/
एकाच साखळीचे एक अंग स्थिर आणि दुसरे चंचल, हे कोणत्याही ज्ञात नियमात बसत नव्हते. एक जनुक म्हणजे एक साखळी, ही तेव्हाची समजूत होती. विल्यम ड्रायर व क्लॉड बेनेट यांनी १९६५ मध्येच धाडसी तर्क केला: चंचल भागाची जनुके अनेक, स्थिर भागाचे जनुक एक, आणि दोन जनुके जोडून एक साखळी तयार होते. हा तर्क सिद्ध व्हायला अकरा वर्षे लागायची होती. तूर्त एवढे दिसले की, साखळीचे दोन जवळजवळ समान लांबीचे खंड आहेत.

११/
हे दोन खंड एकमेकांचे नातलग असतील का? १९६६ मध्ये ड्यूक विद्यापीठातील रॉबर्ट हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या जड साखळीतील एका तुकड्याचा अनुक्रम हलक्या साखळीशी ताडून पाहिला. निरनिराळ्या खंडांत योगायोगापलीकडचे साम्य आढळले. त्यांचा निष्कर्ष असा: जड व हलकी, दोन्ही साखळ्या सुमारे शंभर-एकशेदहा अक्षरांच्या एकाच प्राचीन जनुकापासून, त्याच्या पुनःपुन्हा झालेल्या द्विरुक्तीतून निर्माण झाल्या. एस. जे. सिंगर आणि रसेल डूलिटल यांनीही त्याच वर्षी याच दिशेचा विचार मांडला.

१२/
द्विरुक्ती म्हणजे काय, ते येथे पाहणे इष्ट. पेशी जनुकांची नक्कल करताना कधी एखादे जनुक चुकून दोनदा उतरते. मूळ प्रत आपले काम करीत राहते. दुसऱ्या प्रतीवर तो भार नसल्यामुळे तिच्यात बदल साचू शकतात. लाखो वर्षांनंतर दोन्ही प्रती वेगळी कामे करू लागतात. मात्र काही अक्षरे तशीच राहतात. पोथीच्या नकलाकाराकडून एखादा श्लोक दोनदा लिहिला जावा आणि पुढच्या नकलांत दोन्ही श्लोक आपापल्या वाटेने बदलत जावेत, तसेच हे.

१३/
१९६९ मध्ये एडेलमन यांच्या गटाने एका संपूर्ण प्रतिपिंडाचा अनुक्रम प्रसिद्ध केला. १,३०० हून अधिक अमिनो आम्लांचा हा पाठ त्या काळी वाचला गेलेला फार मोठा पाठ होता. जड साखळीच्या स्थिर भागात तीन खंड निघाले. ते एकमेकांशी आणि हलक्या साखळीच्या स्थिर खंडाशी जुळत होते. कोणतेही दोन घेतले तरी सुमारे तीस टक्के अक्षरे समान. प्रत्येक खंड साधारण ११० अक्षरांचा, आणि प्रत्येकाच्या पोटात दोन सिस्टीन आम्लांना सांधणारा गंधकाचा एक बंध.

१४/
यावरून एडेलमन यांनी भाकीत केले की, हे खंड केवळ कागदावरचे नाहीत. प्रत्येकाची स्वतंत्र, घट्ट घडी पडत असणार. अशा खंडाला डोमेन म्हणतात. हलक्या साखळीत दोन, जड साखळीत चार, म्हणजे संपूर्ण प्रतिपिंडात एकूण बारा डोमेन. १९७३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रतिपिंडाच्या तुकड्यांची रचना दिसू लागली. बाल्टिमोर येथे रोबेर्टो पोल्याक यांच्या गटाने दाखवले की, प्रत्येक डोमेन खरोखरच एकाच नमुन्याची घडी आहे: पट्ट्यापट्ट्यांचे दोन थर, एकमेकांवर टेकलेले. अक्षरांवरून केलेला तर्क आकाराने खरा ठरवला.

१५/
येथवर हा कुलवृत्तांत एका घराण्यापुरताच होता. सगळी भावंडे प्रतिपिंडाच्याच वाड्यात राहणारी. त्यांचा पूर्वज प्रतिपिंडच होता की आणखी कोणी, हे यातून कळत नव्हते. त्यासाठी वाड्याबाहेरचा एखादा भाऊबंद सापडायला हवा होता. तो सापडला, आणि पुन्हा एकदा रुग्णांच्या लघवीतच.

१६/
१९६८ मध्ये इंगेमार बेर्गोर्ड व अलेक्झांडर बर्न यांनी मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झालेल्या रुग्णांच्या लघवीतून एक छोटे प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. १९७२ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज व मिरोस्लाव पुलिक यांना त्याच्या अनुक्रमात प्रतिपिंडाची छाया दिसली. त्याच वर्षी बेर्गोर्ड, एडेलमन आणि सहकाऱ्यांनी त्याचा अनुक्रम मांडून म्हटले की, हे प्रतिपिंडाचे एकुलते, सुटे डोमेन आहे. लांबी सुमारे १०० अक्षरे, म्हणजे नेमकी एका डोमेनएवढी.

१७/
हे सुटे डोमेन करते काय? पुढच्याच वर्षी उलगडा झाला. ते पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए प्रथिनांच्या जोडीने बसलेले असते. एका माणसाचे अवयव दुसऱ्याच्या शरीराला मानवतात की नाही, हे ज्या खुणांवर अवलंबून असते, त्या खुणा म्हणजे ही एचएलए प्रथिने. रक्तातून फिरणाऱ्या प्रतिपिंडाचा भाऊबंद पेशीच्या दारावर ओळखपत्राशेजारी उभा होता. अर्थात एचएलए हीदेखील प्रतिकार यंत्रणेशीच निगडित. वाडा मोठा झाला; गाव तेच राहिले.

१८/
उगमाविषयीचा एक वेगळा विचार तोवर मांडला गेला होता. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९७१ मध्ये समुद्रात वसाहती करून राहणाऱ्या काही साध्या प्राण्यांकडे लक्ष वेधले. शेजारच्या दोन वसाहती एकमेकींना भिडल्या की त्या कधी एकजीव होतात, कधी एकमेकींना नाकारतात. आपले आणि परके ओळखण्याची ही रीत प्रतिपिंडांशिवाय चालते. रोगजंतूंशी लढण्याआधी पेशींनी एकमेकींना ओळखणे आले असावे, असा त्यातून निघणारा अर्थ. त्याला रेणूंतला पुरावा मात्र हवा होता.

१९/
तो ऑक्सफर्ड येथे मिळाला. थाय-१ हे प्रथिन १९६४ पासून ठाऊक होते. उंदरांत ते दोन अगदी असंबद्ध जागी आढळे: थायमस ग्रंथीतील पेशींवर आणि मेंदूतील चेतापेशींवर. ॲलन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घुशीएवढ्या मोठ्या उंदरांच्या मेंदूतून ते शुद्ध केले आणि त्याची १११ अक्षरे वाचली. १९७९ पासून सूचित झालेले साम्य विल्यम्स व जाँ गान्यों यांनी १९८२ मध्ये सविस्तर मांडले: थाय-१ हे प्रतिपिंडाच्या चंचल डोमेनाशी मिळतेजुळते आहे. मेंदूत प्रतिपिंडाचा नातलग काय करीत होता?

२०/
साम्य खरे की भास, ही शंका रास्त होती. वर्णमाला अवघ्या वीस अक्षरांची. तेव्हा कोणतेही दोन असंबद्ध अनुक्रम शेजारी ठेवले तरी सरासरी पाच टक्के अक्षरे नुसत्या योगायोगाने जुळतात. मध्ये रिकाम्या जागा सोडण्याची मुभा घेतली, तर हा आकडा आणखी वाढतो. नावांच्या उच्चारसाम्यावरून घराण्यांची नाती जोडणाऱ्या हौशी वंशावळकाराची चूक येथेही सहज घडू शकते.

२१/
त्यावर डेहॉफ यांच्या परंपरेत एक कसोटी तयार झाली होती. दोन अनुक्रमांची तुलना करून गुण द्यायचे. मग त्यांचीच अक्षरे पत्त्यांसारखी पिसून, क्रम विस्कटून, पुनःपुन्हा तुलना करायची. विस्कटलेल्या जोड्यांच्या गुणांहून मूळ जोडीचे गुण बरेच वर असतील, तरच नाते मान्य. एक जोडी पुरेशी नसते. नवा सदस्य घराण्यातल्या अनेकांशी जुळावा लागतो. संगणकाशिवाय हे पिसणे शक्य नव्हते, आणि संग्रहात पुरेसे अनुक्रम नसते तर जुळवायला नातलगही नव्हते.

२२/
या कसोटीचे मोल १९८४ मध्ये दिसले. टी-पेशी जंतू ओळखतात कशाने, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. अमेरिका आणि कॅनडातील दोन गटांनी एकाच सुमारास टी-पेशींतील एका जनुकाचा अनुक्रम प्रसिद्ध केला. ते जनुक टी-पेशीच्या ग्राहकाचेच, हे ओळखण्याची एक मोठी खूण म्हणजे त्याचे प्रतिपिंडाशी असलेले साम्य. कुलवृत्तांत आता हरवलेली माणसेही शोधून देऊ लागला होता.

२३/
एडेलमन यांनी तोवर प्रतिपिंडांचे क्षेत्र सोडले होते. भ्रूणात चेतापेशी एकमेकींना कशा चिकटतात, हा त्यांचा नवा विषय. त्यांच्या गटाने १९७० च्या दशकात पेशींना सांधणारे एक प्रथिन शोधले: एन-कॅम. १९८७ मध्ये त्याचा संपूर्ण अनुक्रम हाती आला, तेव्हा त्यात ओळीने पाच डोमेन निघाले, आणि ते सर्व प्रतिपिंडाच्या घराण्यातले. ज्या घराण्याचा आराखडा त्यांनी १९६९ मध्ये काढला होता, तेच पुन्हा समोर आले. या वेळी संरक्षणाशी काही संबंध नसताना.

२४/
१९८८ मध्ये चित्र आणखी स्पष्ट झाले. नाकतोड्याच्या भ्रूणात चेतातंतूंना वाट दाखवणाऱ्या फॅसिक्लिन-२ या प्रथिनात असेच डोमेन आढळले, आणि फळमाशीच्या एका प्रथिनातही. कीटकांना प्रतिपिंडे नसतात. माणूस आणि नाकतोडा यांचा समाईक पूर्वज प्रतिपिंडांच्या कितीतरी आधीचा. तेव्हा या दोघांच्या चेतासंस्थेत सापडलेले डोमेन त्या पूर्वजाकडूनच आले असले पाहिजे. पुढे स्पंजांतही हे डोमेन मिळाले.

२५/
त्याच वर्षी विल्यम्स व नील बार्कले यांनी सर्व नातलगांची एकत्र मांडणी केली. या विशाल गोतावळ्याला इम्युनोग्लोब्युलिन महाकुल म्हणतात. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: हे डोमेन मुळात पेशींच्या पृष्ठभागावर परस्परांना ओळखण्यासाठी आणि धरून ठेवण्यासाठी वापरात आले असावे. एका पेशीवरचे डोमेन दुसऱ्या पेशीवरच्या डोमेनाला धरते. यापुढचे एकच पाऊल म्हणजे ते परक्याला धरू लागणे. प्रतिपिंड ही त्या जुन्या ओळखीची उशिरा निघालेली शाखा.

२६/
मग प्रतिपिंडात नवे काय होते? चंचलता. १९७६ मध्ये बाझल येथे होझुमी व सुसुमु टोनेगावा यांनी दाखवले की, प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत जनुकाचे तुकडे खरोखरच जागा बदलून जोडले जातात. ड्रायर-बेनेट यांचा तर्क खरा ठरला. ही कापाकापी करणाऱ्या रॅग प्रथिनांविषयी १९९८ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवले की, ती डीएनएचा तुकडा उचलून दुसरीकडे घुसवू शकतात. जनुकसंचयात उड्या मारणाऱ्या एखाद्या परोपजीवी डीएनएकडून हे कसब आले, या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

२७/
हे मीलन अटळ नव्हते, याचा पुरावा लँप्रे या जबडा नसलेल्या जलचराने दिला. शार्क माशांपासून माणसापर्यंत जबडा असलेल्या प्राण्यांत प्रतिपिंडे आहेत. लँप्रेलाही जंतूंनुसार बदलणारी प्रतिकारशक्ती आहे; परंतु २००४ मध्ये झीव पॅन्सर, मॅक्स कूपर व सहकाऱ्यांनी दाखवले की, तिचे रेणू सर्वस्वी निराळ्या, ल्युसीनच्या आवर्तनांनी बनलेल्या घराण्यातले आहेत. काम तेच, पूर्वज दुसरा. उलट, १९९० मध्ये सिक्रोपिया पतंगात सापडलेले हेमोलिन हे आपल्याच महाकुलातले प्रथिन जीवाणूंना चिकटते. तेथे या डोमेनाने संरक्षणाची वाट प्रतिपिंडाविना धरली.

२८/
पद्धतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. १९८९ मध्ये पॅपडी या जीवाणूच्या प्रथिनाची रचना दिसली. घडी प्रतिपिंडाच्या डोमेनासारखीच. अक्षरे मात्र जुळेनात. दूरचे नाते पुसट झाले, की निसर्गाने तीच स्थिर घडी दुसऱ्यांदा गाठली? सुमारे वीस-पंचवीस टक्क्यांखालच्या साम्याच्या पट्ट्याला डूलिटल यांनी संधिप्रकाशाची उपमा दिली. तेथे केवळ अक्षरांच्या आधारे नाते सांगणे म्हणजे फाटलेल्या कागदावर वतन सिद्ध करणे.

२९/
इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रकरणातून एक गोष्ट घ्यावी. एखादी संस्था आज जे काम करते, त्यासाठीच ती जन्मली असे गृहीत धरणे सोपे असते. प्रतिपिंडाबाबत असे गृहीत धरले असते, तर मेंदूतला थाय-१ आणि नाकतोड्याचा फॅसिक्लिन यांच्याकडे कोणी वळलेच नसते. उपयोगावरून तर्क करण्याऐवजी पाठ ताडून पाहिले, म्हणून कळले की, जंतूला पकडणारा हात त्याआधी शेजारच्या पेशीचा हात धरीत होता.

(धागा समाप्त)